दुर्बिणीची चौकशी

ज्या माणसाकडे रायफल नाही, ज्याने जन्मात ससासुद्धा मारलेला नाही, तो माणूस रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीसाठी अख्खं वर्ष घालवतो आणि सोबत अख्ख्या ऑफिसचं डोकं खातो, हे मी कोल्हापूरला माहेरी सांगितलं तेव्हा माझ्या वहिनीने मलाच विचारलं, "वन्सं, तिकडे ऊन फार असतं का हो?" आता काय सांगणार कपाळ! ऊन असतंच. पण हे उन्हाने झालेलं नव्हतं. भाई मुळातच तसे होते.

भाई म्हणजे आमचे परचेस मॅनेजर. शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमची व्हॉल्व्ह आणि पाइप फिटिंगची कंपनी आहे. मी तिथे अ‍ॅडमिन आणि अकाउंट्स दोन्ही बघते, आणि त्यांचं टेबल बरोबर माझ्यासमोर. दापोलीकडचे, खाडीकाठच्या गावातले. भाभी गावाला, मुली लग्न होऊन आपापल्या घरी, आणि हे शारजात एका खोलीत एकटे. ऑफिसातले मलयाळी, पाकिस्तानी, फिलिपिनो सगळेच त्यांना भाई म्हणायचे. उंच, ताठ, दाढी नीट कातरलेली, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मेजरटेप.

त्यांच्याकडे कुठलीही वस्तू मागा, उत्तर एकच. "चौकशी चालू आहे." ऑफिसचा वॉटर कूलर बंद पडला भर उन्हाळ्यात. भाईंची चौकशी सुरू झाली. नवा कूलर आला तेव्हा लोक गाडीच्या काचा खाली करून ऑफिसला यायला लागले होते, इतकी हवा गार झालेली. मधल्या काळात आम्ही घरून बाटल्या वाहिल्या. आणलेला कूलर चांगला होता, स्वस्त होता, अजून चालतोय, सगळं मान्य. पण तोवर माणसाचा जीव जायचा, त्याचं काय?

स्वतःच्या बाबतीतही तेच. एकदा त्यांना बूट घ्यायचे होते. दोन दुकानांतून दोन जोड आणले आणि डाव्या पायात एका जोडाचा, उजव्या पायात दुसऱ्याचा असे ऑफिसात वावरायला लागले. एक काळा, एक चॉकलेटी. मी म्हटलं, "भाई, आज क्लायंट यायचाय हो!" तर शांतपणे म्हणाले, "येऊ दे की ताई. त्याला व्हॉल्व्ह घ्यायचाय, बूट कुठे घ्यायचाय?" शेवटी दोन्ही जोड परत केले आणि जुन्यालाच सोल मारून आणला.

आणि दुसरा ताप म्हणजे खोटं बोलायचं नाही. सप्लायरचा फोन यायचा, बॉस हाताने खुणा करून सांगायचा की मी नाही म्हणून सांग, आणि भाई फोनवर सांगायचे, "बॉस हाथ हिला रहे हैं, बोल रहे हैं वो नहीं हैं." बॉस कपाळावर हात मारून घ्यायचा. पण खोटं बोलत नसले तरी भाई खरं असं काही बोलायचे की समोरचा आपणहून चुकीचं समजून घ्यायचा. भाव पाडायचा असला की सप्लायरला सांगायचे, "दुसरे का कोटेशन मेरे ड्रॉवर में पड़ा है." पडलेलं असायचंच. फक्त ते दुसऱ्याच कुठल्यातरी मालाचं असायचं. मी रागावले की म्हणायचे, "ड्रॉवरमध्ये आहे की नाही? उघडून बघा."

आमच्या कंपनीचे स्थानिक भागीदार अल ऐनला राहतात. म्हातारे गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना अरबाब म्हणतो. अधूनमधून येतात, कावा म्हणजे अरबी कॉफी पितात, खजूर वाटतात, मोडक्या हिंदीत सगळ्यांच्या पोराबाळांची चौकशी करतात आणि जातात. त्यांना शिकारीचा नाद. परदेशात जायचं, परवाने काढायचे आणि डोंगरात रानबकऱ्याच्या मागे हिंडायचं. हल्ली गुडघे बोलायला लागले म्हणून त्यांनी मुद्दाम एक हलकी रायफल घेतली होती, चढावर खांद्याला जड होऊ नये म्हणून. तिच्यावर दुर्बीण बसवायची राहिली होती. पोरांनी इंटरनेटवर बघून एक भली मोठी सुचवली, ती अरबाबांना पटेना. आणि आमच्या नशिबाने ते ऑफिसात येऊन म्हणाले, "भाई, तुम सब चीज़ खरीदता है. मेरे लिए एक दरबील देखो."

दरबील म्हणजे दुर्बीण. आपलाच शब्द, चहात बुडवलेल्या खारीसारखा मऊ झालेला. भाईंनी छातीवर हात ठेवून "इन्शाल्ला" म्हटलं आणि मी मनात म्हटलं, झालं कल्याण!

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात व्हॉल्व्हपेक्षा दुर्बिणीचं बोलणं जास्त. भाईंनी शारजा, दुबई, अल ऐन इथली शिकारीच्या सामानाची दुकानं पालथी घातली. परचेस मॅनेजरची जुनी सवय, सँपल मागून आणायचे. पॅन्ट्रीतला वजनकाटा त्यांच्या टेबलावर आला तो आलाच. "ताई, हे बघा," म्हणायचे, "रायफल हलकी घेतली कशाला? चढायला. आणि पोरं म्हणतात वर ही बसवा. ही! म्हणजे हलकी रायफल घ्यायची आणि तिच्या डोक्यावर कलिंगड बांधायचं?" मी व्हॅटचं रिटर्न भरत असायचे. मी नुसतं हं म्हणायचे. हं म्हटलं की पुढचं सुरू.

"हलकी रायफल धक्का जास्त देते. म्हणून डोळा आणि काच यांच्यात अंतर हवं, चांगलं चार बोटं. नाहीतर गोळी सुटली की ही मागे येऊन भुवई फोडते." एवढ्यावर थांबले असते तर भाई कसले? भर मीटिंगमध्ये, बॉस पुढच्या वर्षाचं टार्गेट सांगत असताना, त्यांनी ड्रॉइंग ठेवायची पुठ्ठ्याची नळी डोळ्याला लावली आणि मागून स्वतःच्याच हाताने ठोसा मारून दाखवलं. भुवईवर टेंगूळ आलं. टार्गेट राहिलं बाजूला, बर्फ आणायला मी धावले.

"आणि लोक म्हणतात, लांबचं मोठं दिसायला हवं. अहो, मोठं दिसतं तेव्हा थोडंसंच दिसतं! बकरा पुढ्यात आला तर नुसते केस दिसतील, बकरा सापडायचा नाही." हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ झालं. मी घरी जेवताना बोलायला लागले की माझी मुलगी कानातले इअरबड्स काढून विचारायची, "मम्मा, व्हाय डू यू नो सो मच अबाउट गन्स?" आणि आमचे हे गालातल्या गालात हसायचे. ह्यांना काय जातंय हसायला!

एकदा तर कहर झाला. भाई दोन दुर्बिणी घेऊन गच्चीवर गेले, बंदरातल्या जहाजांवरची नावं वाचायला. बंदराशेजारचा फ्री झोन आणि गच्चीवर दाढीवाला माणूस रायफलीची दुर्बीण डोळ्याला लावून उभा! खालून फोन आला, सिक्युरिटी वर गेलीय म्हणून. चपला हातात घेऊन जिना चढले. बघते तर काय, दुर्बीण सिक्युरिटी गार्डच्या डोळ्याला आणि भाई त्याच्या मागे उभे राहून विचारतायत, "वो क्रेन का नंबर पढ़ो. पढ़ा? अब इस दूसरी वाली से." बिचारा निमूट वाचत होता. मग रिपोर्टमध्ये काय लिहू म्हणून त्याने मलाच विचारलं. 'सँपल टेस्टिंग' असं लिहून मी सही केली आणि खाली येऊन भाईंना असं झापलं म्हणता! सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण ताई, लहान दुर्बिणीतून त्याने नंबर आधी वाचला. लिहून ठेवा."

इतकं करूनही शेवटी दोन राहिल्या. एक लहान, एक जराशी मोठी. भाई गावाला सुट्टीवर निघाले तेव्हा मला म्हणाले, "आलो की अरबाबला सांगून टाकतो." मी देवासमोर साखर ठेवली.

आणि सुट्टीवरून परत आले ते पुन्हा पहिल्यापासून! खरंच सांगते, त्यांनी नवी सँपल्स मागवली. पुन्हा काटा, पुन्हा गच्ची, पुन्हा चार बोटं. मी म्हटलं, "भाई, दोनवर आलं होतं ना?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चौकशी चालू आहे." अरबाब दोनदा विचारून गेले. ईदनंतर त्यांना डोंगरात जायचं होतं आणि रायफल कपाटात आंधळी पडून. "मा फी मुश्किल," म्हणायचे, काही हरकत नाही. माझा मात्र जीव मेटाकुटीला आला होता.

रोज दुपारी भाभीचा फोन यायचा. समोरच टेबल, त्यामुळे नको म्हटलं तरी कानावर पडायचं. "हो, हो. दुर्बिणीचंच बघतोय... अगं, चार ठिकाणी चौकशी केली... नाही, घाईत करायची गोष्ट नाही ती... हो, या आठवड्यात बघू." मला त्या बाईची कीव यायची. म्हटलं, सातासमुद्रापलीकडे बसून हिलाही रायफलीचं ऐकावं लागतंय!

जेवणाचंही काहीतरी नवीनच सुरू झालं होतं. शारजाच्या रोला भागातल्या एका कोकणी कुटुंबाच्या खानावळीतून त्यांचा डबा यायचा. बांगड्याचं कालवण आणि भात म्हणजे भाईंचा जीव की प्राण. मी कोल्हापूरची, मला मटणाचं कौतुक, बांगडा मला भाईंनीच खायला शिकवला. एरवी त्यातला शेपटीकडचा तुकडा माझ्या ताटात यायचा, तोही नाइलाजाने दिल्यासारखा. सुट्टीवरून आल्यावर अख्खा डबाच माझ्याकडे सरकवायला लागले. स्वतः चहात पाव बुडवून खायचे, तोसुद्धा लगदा होईपर्यंत. "वजन उतरवतोय, ताई. हलकी रायफल, हलका माणूस." शर्टाची कॉलर सैल पडली होती. मी म्हटलं, "भाई, फार उतरलात हो." तर म्हणाले, "चौकशीला फिरतोय किती!" मग डबा बंदच केला. म्हटलं, हा एक नवा चक्रमपणा.

पुढे रमजान लागला. ऑफिस लवकर सुटायला लागलं, भाईंचे रोजे सुरू झाले. एक दिवस ते दुपारच्या नमाजाला गेलेले आणि त्यांचा मोबाइल टेबलावर वाजतोय. थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला वाटलं, काही तातडीचं असेल, म्हणून उचलला. भाभी होती.

"ताई का? सलाम. ह्यांचं दुर्बिणीचं झालं का वो?"

मी तर भरलेलीच होते. "कसलं होतंय, भाभी! एक बघतात, सोडतात. दुसरी बघतात, सोडतात. कधी म्हणतात जाड आहे, कधी म्हणतात लांब आहे."

भाभीने हळूच विचारलं, "किती बघितल्या?"

"डझनभर तरी बघितल्या असतील. गच्चीवर नेऊन."

"गच्चीवर?"

"हो ना! उजेड लागतो म्हणे."

"आणि... आत घालून नाय बघितली?"

"आत कशात घालणार? रायफल कुठाय त्यांच्याकडे?"

"रायफल?" भाभी किंचाळलीच. "ताई, कसली रायफल?"

तेव्हा कुठे मला समजलं की आम्ही दोघी एकाच शब्दाची दोन टोकं धरून बसलो आहोत. भाभी रडायला लागली. रडत रडत सांगितलं ते असं. सुट्टीत भाई घरी होते तेव्हा घास गळ्याखाली उतरत नव्हता. पाण्याचा घोट घ्यायचे, पाठ चोळायला लावायचे. रत्नागिरीच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, दुर्बीण घालून अन्ननलिका बघावी लागेल, लगेच बघा. हे म्हणाले, तिकडे कंपनीचा इन्शुरन्स आहे, तिकडे करतो. "तवापासून रोज विचारते, ताई. रोज सांगतात, दुर्बिणीची चौकशी चालू हाय. मी म्हटलं, एवढं मोठं शहर, चांगला डॉक्टर बघत असतील."

मला असा राग आला, असा राग आला की हातातला स्टेपलर मी भिंतीवर मारला. रोज बायकोशी बोलतोय आणि एक अक्षर खोटं नाही! दुर्बिणीची चौकशी चालू आहेच की. म्हणून तर दोनवर आलेलं काम पुन्हा पहिल्यापासून काढलं. अरबाबची दुर्बीण ठरली असती तर बायकोला सांगायला काही उरलं नसतं. आणि मला बांगडा वाढून स्वतः उपाशी! वर रोजे!

ते नमाजाहून आले. मी तोंडातून ब्र काढला नाही. काढला असता तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. हॉस्पिटलांची चौकशी सुरू झाली असती. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन थेट अरबाबांना फोन लावला आणि माझ्या कोल्हापुरी हिंदीत सगळं सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण दरबील माणसाच्या पोटात घालतात हे त्यांच्या पटकन लक्षात येईना. आलं तेव्हा म्हणाले, "कल लेके आओ. हॉस्पिटल को मैं बोलता है."

वर येऊन मी भाईंना सांगितलं, "अरबाबांशी बोलणं झालं. उद्या अल ऐनला बोलावलंय. दुर्बिणीचं काम उद्या खलास करायचं म्हणतात." एक अक्षर खोटं नाही. शिकले कुणाकडून?

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी गाडी काढली. भाई मागच्या सीटवर, मांडीवर दोन खोकी. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, तेच मला हवं होतं. डॉक्टरांनी पोट रिकामं ठेवून आणा म्हणून अरबाबांकडून कळवलं होतं आणि रोजेदार माणसाला ते वेगळं सांगायची गरज नव्हती. रस्ताभर वाळूच्या टेकड्या आणि भाईंचं चार बोटं अंतर. मी जीभ दाताखाली धरून गाडी चालवत होते.

हॉस्पिटलच्या गेटात वळले तसे ते पुढे झुकले. "ताई, रस्ता चुकलात."

"नाही चुकले."

दारात अरबाब उभे होते, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, हातात तसबीहची माळ. भाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझाच राग ढिला पडायला लागला. मी तो पुन्हा घट्ट केला.

"भाभीचा फोन मी उचलला काल," मी म्हटलं.

अरबाबांनी गाडीचं दार उघडलं. भाई म्हणाले, "अरबाब, मेरा रोजा है."

"मरीज को माफ है. बाद में रख लेना." अरबाबांनी हात पुढे केला. "पहले तेरा दरबील, बाद में मेरा दरबील. यल्ला, चलो."

भाई हलले नाहीत. खोकी छातीशी धरून बसले. मग माझ्याशी मराठीत बोलले, अरबाबांना कळू नये अशा आवाजात. "माझ्या अब्बांना घातली होती दुर्बीण. चालत गेले होते, ताई, हातात छत्री घेऊन. घातली आणि पावसाळा संपायच्या आत गेले. तोवर चांगले होते."

"चांगले नव्हते हो. माहीत नव्हतं, एवढंच."

"तेच म्हणतोय ना मी. माहीत नव्हतं."

आता मात्र माझा बांध फुटला. मी अर्धी मागे वळून ओरडले, त्या पार्किंगमध्ये, अरबाबांदेखत. "आणि भाभीने काय करायचं? तिने रोज दुपारी फोन धरून बसायचं आणि तुम्ही तिला बकऱ्याची दुर्बीण विकायची? लाज नाही वाटत? घास उतरत नाही माणसाचा आणि चौकशी कसली करताय? तिला आत्ता फोन लावते, तुम्हीच सांगा, काय सांगायचंय ते. खरंखरं सांगा पण!"

त्यांनी फोन लावू दिला नाही. खोकी अरबाबांच्या हातात दिली, "संभाल के, कांच है," म्हणाले, आणि उतरले.

आत तरी गप्प बसावं की नाही? डॉक्टर मलयाळी होते, शांत स्वभावाचे. भाईंनी त्या काळ्या नळीकडे बघितलं आणि खिशातली मेजरटेप काढली. "डॉक्टरसाब, इसका डायमीटर कितना?" डॉक्टरांनी सांगितलं. "इससे पतला नहीं आता?" आता, म्हणाले डॉक्टर, लहान मुलांसाठी. "वो दिखाओ." मी दारातून म्हटलं, "डॉक्टर, प्लीज, याला आधी झोपवा!" नर्स हसली. मला हसू येत नव्हतं.

गाठ निघाली. लहान होती. अरुंद झालेल्या जागेच्या जरा खाली, लपून बसल्यासारखी. तुकडा तपासायला पाठवला, पण ऑपरेशन करावं लागणार हे डॉक्टरांनी तिथेच सांगितलं आणि म्हणाले, आणखी काही महिने तसेच गेले असते तर ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नसतं.

भाई गुंगीतून बाहेर येत होते तेव्हा सूर्य मावळला आणि मगरिबची अजान झाली. अरबाबांनी खिशातून खजूर काढून रोजा सोडला, मलाही एक दिला. भाईंना अजून काही द्यायचं नव्हतं. मग अरबाबांनी ती दोन खोकी उघडली आणि दोन्ही दुर्बिणी पलंगावर, चादरीवर, शेजारी शेजारी ठेवल्या.

भाईंनी बोट उचललं आणि लहान दुर्बिणीवर ठेवलं. "ये."

एवढंच! ना काटा, ना गच्ची. मी म्हटलं, "अहो, मग वर्षभर काय चाललं होतं?"

घसा खरवडलेला, आवाज धड निघत नव्हता, तरी उत्तर तयार. "ही सुट्टीच्या आधीच ठरली होती, ताई."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर चौकशी संपली असती. मग तिला काय सांगितलं असतं? खोटं?"

माणूस आजारी होता म्हणून, नाहीतर ती दुसरी दुर्बीण मी त्यांच्या डोक्यात घातली असती. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले, भाभीला फोन लावला आणि दोघी मिळून रडलो.

ऑपरेशन ईदनंतर झालं, तिथेच. बरेच दिवस नळीने खाणं, मग पातळ, मग वाटलेलं. अरबाब त्या लहान दुर्बिणीची रायफल घेऊन डोंगरात जाऊन आले, हात हलवत. गुडघ्यांनी साथ दिली नाही म्हणाले, पण सकाळच्या अंधुक उजेडात बकरा अख्खा दिसला, शिंगांपासून खुरांपर्यंत. त्यांनी तो नुसता बघितला. भाईंनी नोकरी सोडली, गावाला गेले. त्यांच्या जागी आता एक तरुण पोरगी आहे. तिला प्रिंटर मागितला तर दुसऱ्या दिवशी प्रिंटर येतो. पहिल्याच आठवड्यात कागद अडकायला लागले. पण येतो.

मध्यंतरी भाभीने फोनवर सांगितलं की घरातला मिक्सर जळाला. भाईंना सगळं वाटून द्यावं लागतं आणि नवा मिक्सर काही येत नाही. का? तर चौकशी चालू आहे. बाई पाट्यावर वाटतेय! माझं डोकंच फिरलं. मी इथून ऑनलाइन चांगला मिक्सर त्यांच्या पत्त्यावर पाठवला.

परवा भाईंचा फोन आला. "ताई, मिक्सर परत पाठवला."

"परत?"

"भांडं जड आहे. झाकणही घट्ट बसत नाही."

मग मी जी सुटले ती सुटलेच. वॉटर कूलरपासून सगळं काढलं. बूट, गच्ची, स्टेपलर, पाट्यावर झिजणारे भाभीचे हात, सगळं. आमचे हे शेजारच्या खोलीतून उठून बघायला आले. भाई पलीकडे ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "झालं? आता ऐका. मिक्सर लागत नाही आता."

"लागत नाही म्हणजे?"

"म्हणजे काल आमच्याकडे बांगडा खाल्ला. न वाटता. अख्खा."

डोळे भरून आले होते, पण इतकी वर्षं या माणसासमोर बसून मी काही अगदीच वाया गेलेली नाही. 'आमच्याकडे खाल्ला' म्हणजे कुणी खाल्ला? मी म्हटलं, "फोन भाभीला द्या."

भाभी आली. मी विचारलं, "भाभी, काल बांगडा कुणी खाल्ला?"

"ह्यांनीच, ताई," भाभी म्हणाली. "माझ्यासमोर बसून. ताटातले काटे बघितले मी."